भिंतभर तोंड

फ्रान्समधल्या नीस शहरात, मूकपटांच्या कंपनीत माझं काम एकच: पळायचं आणि पडायचं. पडद्यावर आवाज थोडाच येतो? म्हणून कॅमेऱ्यासमोर आम्ही तोंडाला येईल ते बरळायचो.

माझी आई पॅरिसच्या नाटकांतली नटी, अशी थाप मी कंपनीत मारून ठेवली होती. खरं तर फिलोमेन, माझी आई, कंपनीपासून हाकेच्या अंतरावर पायों नदीवर लोकांचे कपडे धुवायची. मी चार वर्षांचा असताना तापात तिचे कान गेले. तेव्हापासून ती ओठांवरून बोलणं ओळखायची. "पुटपुटू नकोस, ओठ नीट हलव," म्हणत तिनं मला किती टपल्या मारल्या असतील!

एके सकाळी चित्रीकरण नेमकं त्याच काठावर निघालं. मी वाळत घातलेल्या चादरी तुडवत पळायचं आणि धोबिणींनी मागे लागायचं. मी ठरल्याप्रमाणे चिखलात तोंडावर आपटलो. तेवढ्यात आई धावत आली आणि एप्रनच्या टोकानं माझं तोंड पुसू लागली.

"लागलं का रे, सोन्या?"

दिग्दर्शक बारालसाहेब ओरडले, "कॅमेरा थांबवू नका, फिरवत राहा! काय रे आन्सेल्म, कोण ही? तुझी कुणी लागते की काय?"

सगळी कंपनी बघत होती. आईला ओठ दिसू नयेत म्हणून मी तिच्याकडे पाठ केली. तेवढी अक्कल बरी सुचली! सवयीनं कॅमेऱ्यापुढे तोंड नेऊन म्हणालो, "छे हो! मी नाही ओळखत. असेल कुणी खुळी धोबीण. हाकला तिला." वर डोळाही मारला. सगळे खो खो हसले. सगळे हसताहेत म्हणून आईही हसली.

महिन्याभरानं रविवारी मी तिला सिनेमाला नेलं. ती नेहमीसारखी पहिल्या रांगेत बसली. तो तुकडा कापला असणार, असं मी धरून चाललो होतो. पण बारालसाहेबांनी तो चित्रपटाच्या शेवटी जोडला होता. भिंतभर माझं तोंड, आणि मागे एप्रन धरून उभी असलेली आई. लोक पोट धरून हसत होते. मी तिच्याकडे बघूच शकलो नाही.

बाहेर आल्यावर तिनं माझी कॉलर सारखी केली.

"ओठ छान हलवतोस हं आता," ती म्हणाली. "शब्द न् शब्द कळला."

"आई, अगं, मी..." मी तोंड उघडलं आणि तिनं मान वळवली.

मी बोलत राहिलो. घर येईपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.