टेकडीवरची सतरा

“काका, संपली हो ती,” संग्रहालयाच्या संशोधक मॅडम म्हणाल्या आणि चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. “सलग तिसरं वर्ष. टेकडीवर एकही तांबूस पंख दिसला नाही. सोमवारी अहवाल पाठवते, नामशेष म्हणून.”

टाचणीकाकांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. संग्रहालयात त्यांना सगळे टाचणीकाकाच म्हणत. तीस वर्षं मेलेल्या फुलपाखरांचे पंख सरळ करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? निवृत्तीला एक महिना उरला होता. सगळं सुखरूप पार पडेल असं वाटत असतानाच हे उपटलं होतं.

“म्हणजे वर आता काहीच उडत नाही?”

“उडतात ना. मैदानातली पिवळी, शेकड्यांनी. तीच वर चढली आणि हिच्या जागेवर बसली!” एरवी शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांना धारेवर धरणारी ही बाई, पण आज घरचं माणूस गेल्यासारखी बसली होती.

भिंतीलगतच्या कपाटात दोन खण शेजारी शेजारी होते. एकात मैदानातली पिवळी फुलपाखरं, दुसऱ्यात टेकडीवरची सतरा, विटकरी रंगाची. प्रजाती एकच, पण टेकडीवरची उपप्रजाती वेगळी, असं मॅडमच्या जागी पूर्वी असलेल्या थोरल्या सरांनी ठरवलं होतं. “बारा कोसांवर भाषा बदलते, मग पंखांचा रंग का बदलू नये?” असं ते म्हणायचे. बहुतेक फुलपाखरांच्या बाबतीत त्यांचं बरोबरही होतं.

या सतरांच्या बाबतीत मात्र नव्हतं, आणि ते जगात एकट्या काकांना ठाऊक होतं. त्या काळी ते रोजंदारीवर होते. सरांचे गुडघे गेलेले, म्हणून जाळं घेऊन काका एकटेच टेकडीवर गेले होते. सतरा फुलपाखरं पकडून त्यांनी ती मारायच्या औषधाच्या बरणीत टाकली. अर्ध्या तासात ती बाहेर काढायची, हा नियम. पण तेवढ्यात खालून निरोप आला, बायको बाळंत झाली, मुलगी झाली. काका पिशवी खांद्याला मारून जे धावत सुटले, ते दोन दिवसांनी कामावर उगवले. बरणी उघडली, तर औषधाच्या वाफेनं सगळे पिवळे पंख विटकरी झालेले. आता हाकलणार, या भीतीनं त्यांचं पाणी पाणी झालं. सरांनी मात्र भिंग लावलं आणि लहान मुलासारखं हरखून विचारलं, “तिथं अशीच दिसतात?”

काकांची मान हलली. हो म्हणून.

सरांचा लेख छापून आला. शेवटी काकांचे नावानिशी आभार होते. त्याच वर्षी ते नोकरीत कायम झाले.

मॅडमनी अहवालाचं सांगितलं, त्या रात्री जेवताना काकांनी सगळं बायकोला सांगितलं. तिनं ऐकलं आणि त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

“सर गेले. फुलपाखरंही गेली म्हणता. मग आता घाबरता कुणाला?”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. लेकीच्या जन्माच्या दिवशी झालेली चूक आहे ती. तिच्या नावाला खोटं चिकटून नको राहायला.”

दुसऱ्या दिवशी काकांनी मॅडमच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि उभ्यानंच बोलून टाकलं. मॅडम कोरडेपणानं म्हणाल्या, “नुसत्या शब्दावर नाही चालत, काका.”

त्यांनी बागेतलं त्याच जातीचं एक पिवळं फुलपाखरू पकडलं, जुन्या औषधाची बरणी काढली आणि झाकण घट्ट लावलं. दोन दिवस काका त्या बरणीभोवती घुटमळत राहिले. रंग बदलला नाही, तर म्हातारचळ लागला म्हणून हसतील. आणि बदलला, तर खोटारडा ठरणारच. इकडे आड, तिकडे विहीर.

तिसऱ्या दिवशी बरणी उघडली. पंख विटकरी झाले होते.

मॅडमनी बरणीचं झाकण टेबलावर आपटलं. “तीन वर्षं, काका! पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडले मी. एकदा तरी बोलायचंत!”

“धीर झाला नाही. चुकलं माझं.”

मग मॅडमनी सावकाश मान वर केली. “थांबा. म्हणजे टेकडीवर मी पिवळी पाहिली, ती...?”

“तीच ती. पहिल्यापासून तिथलीच.”

“मग मेलीच नाहीत?”

“मरतील कशाला! मी पकडली ती सतरा तेवढी गेली.”

मॅडम हसल्या, डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. अहवालाचे कागद त्यांनी टराटरा फाडले. “आता सगळं नव्यानं लिहायचं. पण चूक कशी झाली ते सांगावं लागेल. ‘एका कर्मचाऱ्याकडून’ एवढंच लिहिते. नाव नको.”

“नाव घाला,” काका म्हणाले. “आभार मानले तेव्हा होतंच की.”

मॅडमनी कोऱ्या कागदावर त्यांचं नाव लिहून घेतलं.

काकांना तीस वर्षांत पहिल्यांदाच छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं वाटलं. त्यांनी दोन्ही खण टेबलावर आणून ठेवले आणि पिवळ्यांच्या रांगा जरा सरकवून जागा केली.

“अहो, चला ना!” मॅडम जाळं घेऊन दारात उभ्या होत्या. “गाडी सांगितलीये. टेकडीवर जाऊन पुन्हा एकदा डोळे भरून बघू.”

“तुम्ही बसा गाडीत,” काका म्हणाले आणि पहिली टाचणी त्यांनी चिमट्यात अलगद धरली. “एवढ्या सतरा जणांना घरी पोचवतो आणि आलोच.”