कूळ ओळखणारी वाईन

रोह्याजवळच्या वरसे गावात हैबतरावांच्या नव्या बंगल्यापुढे माणसं नुसती लोटली होती. त्यांच्या साईराजचा साखरपुडा होता, पण नवरा-नवरीकडे बघतंय कोण! सगळ्यांचे डोळे आशीर्वादाला बोलावलेल्या वारुणीबाबांच्या बाटलीवर.

"भक्तहो, ही दारू नव्हे, फ्रान्सची वाईन! कूळ ओळखते! खानदानी माणसाच्या पेल्यात लाल राहते, हलक्याच्या पेल्यात हिरवी होते!"

शिष्य तांब्यातल्या 'तीर्था'ने पेला विसळायचा, तळाशी घोटभर ठेवायचा आणि बाबा वर वाईन ओतायचे. हैबतरावांची लाल. त्यांचा ड्रायव्हर काळुराम, त्याची हिरवी. बिचारा ओशाळून मागे गेला. मी रोह्याच्या शाळेतला विज्ञानाचा मास्तर, माझी लाल! खोटं कशाला बोलू, छाती फुगली. तोंड आंबट-तुरट झालं, तरी "वा, काय चव!" म्हणालो. सगळेच तोंड वाकडं करून 'वा' म्हणत होते.

मग नवरीचा बाप हिरामण पुढे आला. पेणकडच्या मिठागरात राबणारा माणूस, पाय मिठाने फाटलेले. त्याच्या पेल्यात वाईन पडली ती काळपट हिरवी झाली. बायका "अगो बाई!" करत मागे सरल्या. हैबतरावांनी अंगठीची डबी खिशात टाकली. नवरी ऋतुजा पांढरीफटक पडली.

तिची आई पुतळी पेणला पापड लाटायची. तिने नवऱ्याच्या हातातला पेला घेतला, बोट बुडवून चोळलं.

"बुळबुळीत लागतंय. ह्यो तर पापडखार हाय गो! जांभळं खाऊन खाराचं पीठ मळलं का आमची बोटं अशीच हिरवी व्हतात. बोटांचं कूळ बदलतंय व्हय?"

शिष्यामागे दोन तांबे होते. हिरामणचा पेला ज्यातल्या तीर्थाने विसळला होता, तो तिने उचलला आणि हैबतरावांच्या लाल पेल्यात ओतला. पेला हिरवा!

"घ्या! बुडालं खानदान!"

बाबांना एकाएकी समाधीची वेळ झाली. शिष्यासकट जीप गायब.

हिरामणने मागे राहिलेल्या बाटलीतून स्वच्छ पेल्यात घोटभर ओतून घेतली, चवीने प्याला. "तुरट हाय. पन भाजलेल्या बोंबलासंगती बेस लागंल." अख्ख्या मांडवात तो एकटाच वाईन प्याला, आम्ही बाकीचे मोठेपणा पीत होतो.

मला वाटलं, आता डबी बाहेर निघेल. कसलं काय!

"खार असेल नाहीतर काही," हैबतराव म्हणाले, "चार माणसांनी व्याह्याचा पेला हिरवा बघितला. आम्हाला अब्रू आहे."

साईराज बुटांकडे बघत राहिला. ऋतुजाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "चल गो आये. ह्यांचं तोंड नाय बघायचं."

ती रिकामी बाटली अजून हैबतरावांच्या शोकेसमध्ये आहे. आणि मी? आम्लाने लाल, अल्कलीने हिरवा, हा जास्वंदीच्या रसाचा प्रयोग मी दरसाल वर्गात करून दाखवतो. काळुरामच्या पेल्यालाच मला शंका आली होती. पण माझा पेला लाल होता, म्हणून गप्प बसलो. एका पोरीचं लग्न मोडेपर्यंत गप्प बसलो. लाज वाटते.

वाईन आवडली तर खुशाल प्या, नाही आवडली तर तसं सांगा. पण चमत्कार दिसला की आधी तांब्यात बोट घालून बघा. तुमचा पेला लाल असेल तर सगळ्यांच्या आधी बघा.