धाकट्याला हाक

सोमवारच्या रकान्यात ‘तपासले’ असं लिहून तिने खाली सही ठोकली आणि पेनचं टोपण लावता लावता थोरल्याचा आवाज ऐकला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. दारावर कुणी नखाने वाजवावं तसा.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावरच्या त्या गार खोलीत दोन सर्व्हर होते. काकांनी, म्हणजे तिच्याआधी ही खोली सांभाळून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी, त्यांना नावं ठेवली होती, चांगल्या अर्थाने. थोरला राबणारा. कुठल्या खाटेवर कोण, त्याला कोणतं औषध, किती वाजता, सगळं त्याच्या पोटात. धाकटा नुसता बसून. रोज पहाटे थोरल्याचा बॅकअप त्याच्यावर उतरवला जाई आणि थोरला कोसळलाच तर त्याने आपणहून जागा घ्यायची, एवढंच त्याचं काम.

काकांचा एक शिरस्ता होता. दर सोमवारी ते धाकट्याला ‘हाक मारत’. म्हणजे काल भरती झालेला कुणीही एक पेशंट धाकट्यावर शोधायचा. सापडला, की धाकट्याने ओ दिली. मगच सही.

“हिरवा दिवा बघून सही करू नकोस,” ते तिला सांगत. “दिवा नुसता डोळे उघडे आहेत म्हणतो. शुद्धीवर आहे की नाही, ते हाक मारल्याशिवाय कळत नाही.”

चौदा महिन्यांपूर्वी तिची आई याच इमारतीत, चौथ्या वॉर्डात गेली. रजा संपवून ती कामावर आली त्या सोमवारी हाक मारायला तिचा हात धजावला नाही. यादी उघडली की आईचं नाव समोर येईल, या धास्तीने तिने हिरवा दिवा पाहिला आणि सही केली. पुढच्या सोमवारीही तेच. मग ते अंगवळणी पडलं.

आता थोरल्याची टकटक तिने फोनवर साहेबांच्या कानावर घातली. डिस्क जायच्या बेतात आहे, असं सांगितलं. साहेबांनी एवढंच विचारलं, की धाकटा तयार आहे ना.

“तयार आहे,” ती म्हणाली.

साडेबाराला सगळं धाकट्यावर न्यायचं आणि थोरल्याची डिस्क बदलायची, असं ठरलं. तेव्हा साडेअकरा वाजले होते. फोन ठेवल्यावर तिला चैन पडेना. खुर्ची ओढून ती धाकट्यासमोर बसली, काल भरती झालेल्या एकाचा क्रमांक टाकला आणि चौदा महिन्यांनी पहिल्यांदा हाक मारली.

असा कुणी पेशंट नाही, असं उत्तर आलं.

दुसरा क्रमांक टाकला. तोही नाही. मग तिने चौथ्या वॉर्डची यादी उघडली. चौदा नंबरच्या खाटेसमोर तिच्या आईचं नाव होतं. वय बहात्तर. प्रकृती स्थिर.

तिला तो दिवस लख्ख आठवला. धाकट्याची एक केबल बदलायची म्हणून तिने बॅकअप उतरवणं थांबवलं होतं, दोन मिनिटांपुरतं. तेवढ्यात वरून फोन आला, असशील तशी ये. ती धावत जिने चढली. थांबवलेलं थांबलेलंच राहिलं. त्यानंतरचे सगळे बॅकअप शेजारच्या कपाटात शाबूत होते. धाकट्यावर त्यातला एकही उतरला नव्हता. आणि तो आपला हिरवा दिवा लावून बसला होता.

ताजा बॅकअप उतरायला चार तास तरी लागणार होते. साहेबांना ताबडतोब सांगायला हवं होतं, थोरला कोसळून धाकट्याने आपणहून जागा घेण्याआधी त्याला सोडवून बाजूला करायला हवं होतं. तिला सगळं कळत होतं. हात फोनपर्यंत गेलाही. पण ताजा बॅकअप उतरला की चौदा नंबरवरून आई जाणार होती. आणि आईच्या नावाखाली, ती जाण्याच्या आदल्या दिवशी सिस्टरने लिहिलेली एक ओळ होती: ‘सकाळी अर्धा कप चहा घेतला. मुलगी वर कधी येणार, विचारत होत्या.’

ही ओळ तिने कधीच वाचली नव्हती. ती तिने वाचली. परत वाचली. त्या सकाळी आपण वर का गेलो नाही, ते आठवत बसली.

टकटक बंद झाली होती. कधी, ते तिला सांगता आलं नसतं. धाकट्याचा पंखा मात्र जोरात घुमत होता आणि घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

फोन वाजला. चौथ्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर होत्या, आईजवळ शेवटपर्यंत थांबलेल्या.

“अगं, चौदाला तुझी आई दाखवतंय,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “बाराचं इंजेक्शन, रक्त पातळ करायचं. चौदाच्या बाईचं कालच ऑपरेशन झालंय.”

“दिलं?”

“नाही. नाव तुझ्या आईचं, म्हणून मी नव्या सिस्टरचा हात धरला. पण ती एक नंबरपासून देत आली होती.”

तिने हात लांब करून थोरल्याच्या जागी आलेल्या धाकट्याची वॉर्डांकडे जाणारी केबल उपटली. सगळ्या वॉर्डांतल्या यादीच्या जागी आता काहीच दिसणार नव्हतं, तेच बरं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “धाकटा तपासला म्हणून लिहीत होते, तपासला नव्हता. डॉक्टरांना बोलवा, सगळ्या वॉर्डांतली औषधं थांबवा. आणि तोवर एकेकाला हाक मारा. खाटेच्या पट्टीवरचं नाव वाचून.”

तिकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, धावपळीचा आला, मग त्यांनी मारलेली पहिली हाक ऐकू आली. तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने बॅकअप उतरवायला घेतला. जुनं पुसायचं का, असं धाकट्याने विचारलं. तिने हो म्हटलं.

एक नंबरने ओ दिली. दोनने दिली. सात नंबरचे आजोबा झोप मोडली म्हणून वैतागले, तेव्हा तिला रडू फुटलं. आठ. नऊ. दहाचा आवाज बारीक होता, पण आला.

अकराव्या खाटेपाशी सिस्टरांनी हाक मारली. मग जरा मोठ्याने, पुन्हा मारली.