लांतिंग कोणाचा चेला

माझा नवरा आजारी आहे की नुसता जळतोय, हे मला भातावरून कळतं. आजारी असला तर दोन घास कमी खातो. जळत असला तर दुसऱ्यांदा ताट भरून घेतो आणि वर म्हणतो, भात कच्चा होता. गवाईच्या सणाआधी उंगांगनं घरातला तांदूळ संपवत आणला होता.

कारण होतं बेलायोंग. उंगांगच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. खाली समुद्राकडे लाकूडतोडीच्या तळावर तो काही वर्षं 'सुरक्षा' बघायचा. कोणाची सुरक्षा ते कधी कळलं नाही. परत आला तो नारिंगी जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून आणि हातात भोंगा घेऊन. आल्या आल्या त्यानं आमच्या लांबघराच्या, म्हणजे एका छपराखालच्या अख्ख्या गावाच्या, ओसरीवर पोरं गोळा केली आणि सांगितलं, यापुढे पोरांना रानात न्यायचं काम पद्धतशीर होणार.

आता हे काम उंगांगचं. पोराला मिसरूड फुटायला लागलं की भाला देऊन त्याला पहिल्यांदा रानात न्यायचं. जो नेईल, त्याचा तो पोरगा जन्मभर चेला. आम्हा इबान लोकांत चेला म्हातारा झाला तरी सुटत नाही. सणाच्या बैठकीत तुआकचा, तांदळाच्या दारूचा, पेला हातात आला की आधी सांगायचं, मी अमक्याचा चेला, आणि मग प्यायचं. आमच्या ओसरीवरचे निम्मे टकले उंगांगचं नाव घेऊन पितात. त्यातले काही दिवसातून बऱ्याचदा घेतात.

आणि या खेपेला पाळी होती लांतिंगची. आमचा एकुलता एक नातू. तो कोणाचं नाव घेऊन पिणार, यावर माझ्या नवऱ्याची झोप आणि माझा तांदूळ अवलंबून होता.

"अकी," लांतिंग आजोबाजवळ येऊन बसला, "मी बेलायोंगकाकांबरोबर जाऊ?"

"जा की. मी कोण अडवणारा."

"तू रागावलास?"

"मी कशाला रागवू. त्याच्याकडे शिट्टी आहे. माझ्याकडे काय, नुसती मारलेली डुकरं."

"ते होकायंत्र पण देणार आहेत."

"घे, घे. डुक्कर उत्तरेकडचं असलं तर उपयोगी पडेल."

लांतिंगला ही परवानगी वाटली. पोरगा सरळ आहे, आईवर गेलाय. तो उड्या मारत गेला आणि उंगांगनं माझ्याकडे ताट सरकवलं.

संध्याकाळी बेलायोंग ओसरीच्या मधोमध उभा राहिला आणि भोंगा तोंडाला लावून म्हणाला, "उद्या सकाळी डुकराची शिकार. सगळ्यांनी बूट घालून यायचं."

ओसरी गार पडली. सुपारी कातरणाऱ्या बायांचे हात थांबले. आमच्यात असं कोणी बोलत नाही. रानात जायचं असेल तर 'जरा भाजी बघून येतो' म्हणायचं. डुकराचं नाव घेतलं की त्याला ऐकू जातं आणि ते डोंगर सोडून निघून जातं. बेलायोंगनं तर भोंग्यावरून घेतलं, म्हणजे पलीकडच्या नदीवरच्या डुकरांनीसुद्धा बिऱ्हाड हलवलं असणार.

उंगांगचा चेहरा मात्र उजळला. "झालं," तो माझ्या कानाशी म्हणाला. "उद्या एक शेपूट दिसायचं नाही. बूट घालून चिखल मोजत परत येतील." त्या दिवशी तो एका ताटावर उठला. मला बरं वाटलं.

पण दुसऱ्याची फजिती न बघता नुसती ऐकून माझ्या नवऱ्याचं पोट भरत नाही. दुसऱ्या दिवशी पोरं बुटांच्या नाड्या बांधत होती, तेवढ्यात हा भिंतीच्या कडेकडेनं शिडीकडे निघाला. मी चुलीपासून हाक मारली, "लांतिंगच्या अकी, भात वाढलाय."

आता हेही आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. निघताना कोणी खायला विचारलं तर खावं. भूक नसली तर निदान बोट लावून जिभेला टेकवावं. न शिवता गेलं की रान डूख धरतं. साप, काटा, पडझड, काहीही होतं. उंगांगनं हा धडा निम्म्या गावाला शिकवलाय. पण हाकेला ओ दिली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं, कुठे निघालास? तो बहिरा झाला आणि शिडी उतरला.

पुढचं मला त्याच्या पाठीतून मुंग्यांची तोंडं उपटताना कळलं. सांगायचं नव्हतं त्याला, पण पाठ माझ्या हातात होती.

डुकरं जिथे पडलेल्या बिया खायला येतात, त्या मोठ्या एंकाबांगच्या झाडावर चढून बसायचं, असं त्यानं ठरवलं होतं. वरून सगळं छान दिसतं. वाटेत वेताच्या काट्यांनी त्याची विजार मागून फाडली. ओढा ओलांडताना जळू कानात शिरली, तिला काढायला तो वाकला आणि तंबाखूची पिशवी वाहून गेली. तरी माणूस खुशीत होता. चढला, दुबेळक्यात बसला, आणि ज्यावर बसला ते तांबड्या मुंग्यांचं घरटं निघालं.

ओरडायची सोय नव्हती. खाली पोरं आली होती. एकामागे एक, सगळ्यांच्या हातात एकच लांब दोरी, कोणी हरवू नये म्हणून. पुढे बेलायोंग, त्याच्या नारिंगी जाकिटाकडे माकडं टक लावून बघतायत.

"सगळे आहेत का?" बेलायोंग विचारत होता. "ज्याच्या शेजारी कोणी नाही त्यानं हात वर करायचा."

"इतकं सुंदर मी कधी बघितलं नव्हतं," उंगांग मला म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मुंग्यांचं की सुखाचं, त्यालाही सांगता आलं नाही. एका मुंगीनं वरचा ओठ धरला होता, दुसरीनं खालचा, आणि तिसरी नाकात गेली होती. तरी हा हसत बसला होता.

आणि तेवढ्यात कुत्र्यांनी डुक्कर काढलं. चांगलं थोराड, सुळेवालं. भोंग्यावरून नाव घेऊनही आलं. त्या डुकराला उंगांगनं अजून माफ केलेलं नाही. "बहिरं होतं," म्हणतो.

कुत्र्यांच्या घोळक्यात डुक्कर गोंधळून उभं होतं. तसं दोन घटका उभं राहिलं असतं. पण बेलायोंग म्हणाला, "घाबरायचं नाही. मोठा आवाज केला की जनावर मागे हटतं." आणि शिट्टी फुंकली.

डुकराचा गोंधळ मिटला. ते सरळ शिट्टीकडे आलं. बेलायोंग मागे हटला, तो डुकरांच्याच लोळायच्या डबक्यात कमरेपर्यंत बसला. पोरं दोरी न सोडता चहूकडे पळाली आणि झाडाभोवती फिरून फिरून स्वतःच बांधली गेली. पद्धतशीर म्हणतात ते असं. दोरीबाहेर एकटा लांतिंग. बुटाची नाडी सुटली म्हणून तो वाकला होता. उठला तर समोर डुक्कर.

वर उंगांगचं हसू विरलं. ओठांची एव्हाना दोन केळी झाली होती, नाक बंद होतं. त्यातून जो आवाज निघाला तो त्याच्या आईनंही ओळखला नसता.

"भाला नाचवू नको, गाढवा. दांडा मातीत रोव. गुडघा टेक. येऊ दे त्याला."

लांतिंगनं दांडा रोवला, गुडघा टेकला. डुक्कर आपल्याच जोरानं भाल्यावर आलं आणि थांबलं ते कायमचं.

मग डबक्यातून बेलायोंगनं विचारलं, "कोण बोललं?"

"झाड," दोरीतला एक पोरगा म्हणाला.

"झाड गाढव म्हणतं?" दुसऱ्यानं विचारलं.

"म्हातारं झाड आहे."

बेलायोंग डबक्यातून उठला. टोपी काढली, मान खाली घातली आणि झाडासमोर उभा राहिला. म्हणाला, "चुकलं असेल तर पोरांना सांभाळून घ्या." मग सगळ्यांनी आपापल्या शिदोरीतून भात काढला, उकडलेलं अंडं काढलं, बेलायोंगनं एक सिगारेट ठेवली, आणि डुक्कर बांबूला बांधून ते निघाले.

"तेव्हाच का नाही उतरलास?" मी विचारलं.

"उतरून काय सांगू? भाच्याची फजिती बघायला चढलो होतो म्हणून? आणि तो मान खाली घालून उभा होता माझ्यापुढे. जरा वेळ बघावंसं वाटलं."

ते दिसेनासे झाल्यावर तो उतरला आणि भात खाल्ला, अंडं खाल्लं, सिगारेट ओढली. "समोर ठेवलेलं न शिवता आलो असतो तर आणखी काय झालं असतं कोण जाणे," असं मला समजावलं. दुसऱ्या दिवशी पोरं पाहून आली. नुसतं टरफल आणि थोटूक. झाडानं मान्य केलं म्हणून गावभर झालं.

गवाईच्या बैठकीत उंगांग सुजलं तोंड घेऊन बसला. दाढ दुखते म्हणाला. लांतिंगच्या हातात पहिला पेला आला, आणि एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बोल पोरा, कोणाचा चेला?"

उंगांग ताठ बसला. पलीकडे बेलायोंगनं जाकिटाची चेन वर ओढली.

"झाडातल्या अकीचा," लांतिंग म्हणाला आणि पेला रिकामा केला.

ओसरीभर माना डोलल्या. बेलायोंगही म्हणाला, "त्यांच्यापुढे मी कोण." आणि स्वतःच्या नि उंगांगच्या मधे झाडासाठी एक जागा मोकळी सोडून तिथे डुकराच्या मागच्या तंगडीचा वाटा ठेवला. आम्हाला आला होता बरगडीचा.

"झाडाला काय कळतं," उंगांग सुजल्या तोंडानं पुटपुटला. "दांडा मातीत रोव म्हणून मी तुला चालायला लागल्यापासून सांगतोय."

"सांगतोस, अकी. पण झाडानं सांगितलेलं पटलं."

"का?"

लांतिंगनं खरंच विचार केला. "झाड कोणावर जळत नाही."

मी चुलीवर काहीतरी उतू जातंय म्हणून उठले. चूल विझलेली होती.

आता बेलायोंग भोंगा न घेता, 'भाजी बघायला' म्हणून पोरांना त्या झाडाकडे नेतो. पोरं खाली बसून विचारतात, वारा कुठून घ्यायचा, खूर ताजा कसा ओळखायचा. उत्तर आलं नाही तर हिरमुसतात. म्हणून उंगांगला त्यांच्याआधी जाऊन वर बसावं लागतं, नाकात कापसाचे बोळे घालून. परवा घरी आला तो धुमसतच. शिडीवरच बसला.

"आज परत त्या झाडापुढे अंडी ठेवली. लांतिंगनं स्वतःच्या वाटणीचं ठेवलं. मला कधी अंडं विचारलं त्यानं?"

"अरे, पण तूच खाल्लंस ना ते?"

"खाल्लं मी," तो म्हणाला. "ठेवलं त्याला."