नऊ माणसं, तीन चौकटी

पंपांच्या कारखान्यात नवं सॉफ्टवेअर बसवायचं काम चौदा महिने चाललं होतं. खरेदी, गोदाम, पाठवणी, सगळं त्या एका सॉफ्टवेअरमध्ये यायचं होतं, आणि चौदा महिन्यांनंतरही ते यायचंच होतं. आराखडा मात्र तयार होता. तीनशे चाळीस पानी, आणि पानापानावर खरेदीसाहेबांची सही. खरेदीसाहेब म्हणजे कारखान्याच्या खरेदी खात्याचे प्रमुख. ते वाचून सही करत नसत, पण मोजून करत.

सॉफ्टवेअर कंपनीकडून या कामावर जे व्यवस्थापक होते, त्यांना सगळे पाठीमागे ‘सहावाजे’ म्हणत. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ते टेबलाटेबलाशी जाऊन “कुठवर आलं?” असं विचारत आणि उत्तर काहीही मिळो, वहीत ‘सत्तर टक्के’ लिहीत. माणूस वाईट नव्हता. वही वाईट होती.

एका सोमवारी मुख्य कचेरीतून संचालकबाईंचा हुकूम आला: आजपासून ॲजाइल. जाडजूड आराखडा बाजूला ठेवा, थोडं थोडं करा आणि दर पंधरवड्याला काहीतरी चालतं करून दाखवा. जुनी पदं बंद, नवी तीन. आधी काय हवं ते ठरवणारा प्रॉडक्ट ओनर, कामातले अडथळे दूर करणारा स्क्रम मास्टर, आणि प्रत्यक्ष सॉफ्टवेअर घडवणारी टीम. कोण कुठे बसतं त्याचा तक्ता पहिल्या पंधरवड्याच्या शेवटी मी स्वतः येऊन बघेन. ज्याला चौकट नाही, त्याला दुसऱ्या शहरातल्या कामावर धाडू.

सहावाज्यांनी फळ्यावर डावीकडे नऊ जुनी पदं लिहिली, उजवीकडे तीन चौकटी आखल्या आणि बाण काढायला घेतले. आठ बाण सुटले. नववं पद ‘समन्वयक’. ती ताई. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचेसुद्धा.

“ताई, तुम्ही नक्की काय करता हो?” सहावाज्यांनी खडू हवेतच धरून विचारलं.

“तुम्हीच सांगा सर. चौदा महिने माझ्या नावापुढे सत्तर टक्के तुम्हीच लिहिताय.”

सगळे हसले. ताईही हसली, पण तिचं लक्ष बाणाविना राहिलेल्या नवव्या पदाकडे होतं. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. भाऊ दूर देशी. घरात आई आणि ती. ती दुसऱ्या शहरात गेली, तर घरात एकटी आई उरणार होती.

पंधरवडा सुरू झाला. प्रॉडक्ट ओनरचा बाण खरेदीसाहेबांकडे गेला होता, कारण सगळ्यांत मोठी खुर्ची त्यांची. त्यांच्यापुढे कामाची दोनशे बारा कार्डं ठेवून सांगितलं, क्रम लावा. त्यांनी दोन दिवस घेतले आणि प्रत्येक कार्डावर ‘१’ लिहून खाली सही केली.

“साहेब, सगळीच पहिली?”

“मग? माझ्या खात्यातलं काम दुसरं कसं असेल?”

स्क्रम मास्टर झाले सहावाजे. त्यांनी पुस्तकात वाचलं की स्क्रम मास्टरने हुकूम सोडायचा नसतो, टीमची सेवा करायची असते. त्यांनी ते फार मनावर घेतलं. पण चौदा महिन्यांची सवय. सहा वाजले की पाय आपोआप टेबलाकडे वळत. “कुठवर...” एवढं तोंडातून निघे, मग ते दचकत आणि म्हणत, “पाणी आणू का?” त्या पंधरवड्यात सगळी टीम एवढं पाणी प्यायली की कुणी जागेवर सापडेना.

सर्वांत कहर झाला तो उभ्या बैठकीचा. रोज सकाळी पंधरा मिनिटं सगळ्यांनी उभ्याउभ्याच बोलायचं, म्हणजे बोलणं आटोपशीर राहतं, असा नियम. पण कारखान्याचाही एक नियम होता: खरेदीसाहेब बसल्याशिवाय कुणी बसायचं नाही आणि ते हलल्याशिवाय कुणी हलायचं नाही. पहिल्याच दिवशी साहेबांना फोन आला. ते उभ्यानेच बोलले, एक तास चाळीस मिनिटं. टीममधला सॉफ्टवेअरच्या चुका शोधणारा तपासनीस बूट काढून उभा राहिला. प्रोग्रामर कपाटाला टेकला आणि उभ्याउभ्या घोरू लागला.

इकडे गोदामात गोदामकाका आलेला माल पुठ्ठ्यावर पेन्सिलीने टिपत होते. “तुमचं झालं की सांगा,” असं ते ताईला रोज म्हणत, आजारी माणसाची चौकशी करावी तसं.

पंधरवड्याचे दोन दिवस उरले तरी दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्या संध्याकाळी ताईने घरी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर तो तक्ता काढून आईला दाखवला. आई वाटाण्याच्या शेंगा सोलत होती.

“यात तू कुठायस?”

“नाहीये.”

आईने आणखी दोन शेंगा सोलल्या. “बाबा गेले तेव्हा आपणही असंच केलं. तुझा भाऊ म्हणाला, आता बाबांच्या जागी मी.”

“फोनवरून.”

“उंटावरून शेळ्या! त्याला वाटलं, ती एक खुर्ची आहे, बसलं की झालं. बाबा काय काय करायचे ते कुणी लिहिलं होतं का? मग एकेक कळत गेलं. टाकी किती भरली ते बाहेरून वाजवून सांगायचे. वरच्या आजोबांना औषधाची चिठ्ठी वाचून दाखवायचे. माझा चष्मा शोधायचे.”

“तो तर आता तूच शोधतेस.”

“सापडत नाही. जुना लावते.”

ताईने पातेलं जवळ ओढलं आणि शेंगा सोलू लागली.

“तुम्ही शहाणी माणसं,” आई म्हणाली, “माणसं कसली लिहीत बसलाय? आधी कामं लिहा.”

दुसऱ्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी पोहोचली आणि तिने फळा पुसला. डावीकडे पदांऐवजी कामं लिहिली आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, हे खरोखर कोण करतं? आधी काय हवं ते कोण सांगतं? सगळे म्हणाले, गोदामकाका. मालाची आवकच नोंदली नाही तर पुढे करणार काय, कपाळ? काकांचं म्हणणं प्रोग्रामरला कोण समजावतं? ताई. प्रोग्रामरचं काकांना? ताई. जेवणानंतर, राग उतरलेला असतो तेव्हा, साहेबांना गाठून सही कोण आणतं? ताई. सतरा कामं निघाली. अकरांपुढे ताई.

सहावाज्यांनी आपलं नाव शोधलं. ते एकाच ठिकाणी होतं: ‘सहा वाजता विचारणे’.

“आणि पाणी,” प्रोग्रामर दयेने म्हणाला.

खरेदीसाहेबांना सांगायला ताई जेवणानंतरच गेली. “साहेब, क्रम काका लावतील. पण काम पुरं झालं की नाही, ते तुमच्या सहीनेच ठरेल.”

“किती सह्या?”

“दोनशे बारा.”

साहेबांचा चेहरा उजळला.

त्या दीड दिवसात टीमने फक्त काकांचं पहिलं कार्ड केलं: माल आला, किती आला, कुणी घेतला. संचालकबाई आल्या तेव्हा काकांनी एका बोटाने पंपांच्या चाळीस मोटारींची आवक नोंदली, आणि पडद्यावर चाळीसच दिसल्या. तरीही काकांनी त्या पुठ्ठ्याशी ताडून पाहिल्या.

बाईंनी फळा वाचला. “स्क्रम मास्टर कोण?”

ताईने खाली पाहिलं. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने कसं घ्यायचं? सहावाजे खाकरले. “ताई आहेत. पहिल्यापासून त्याच होत्या, बाण मी चुकीचा काढला.”

“मग तुमची चौकट?”

“नाही, मॅडम.”

“तुम्हाला दुसऱ्या शहरात जावं लागेल. आणि तिथे ॲजाइल वगैरे काही नाही हं. जुनीच पद्धत. सातशे पानी आराखडा आहे.”

सहावाज्यांनी मान वर केली. “रोजचा अहवाल?”

“रोज. टक्क्यांत.”

“संध्याकाळी?” त्यांनी वही काखेत मारली. “मी उद्याच निघतो.”

ताईने व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला. “आई, चौकट मिळाली. मी जात नाहीये.”

पलीकडे काहीतरी करकरलं.

“आई?”

“ऐकलं. बरं झालं.” मग थोडं थांबून, “मी तुझी बॅग भरली होती.”

“कधी?”

“सकाळपासून भरतेय. म्हटलं, माझ्यामुळे तू अडायला नको.”

ताई कठड्याला टेकली. खाली गोदामात कुणीतरी मोटारी मोजत होतं, मोठ्याने.

“स्वेटर फार झाले वाटतं,” आई म्हणाली. “बॅग मिटेना. मी तिच्यावर बसूनच बोलतेय.”

“मग ऊठ आता.”

“उठते,” आई म्हणाली. “तू ये.”