सुनेच्या मागावर

कात्रीकाकूंची जीभ त्यांच्या दुकानातल्या सगळ्यात मोठ्या कात्रीपेक्षा धारदार, म्हणून गल्लीनं त्यांना हे नाव दिलं होतं. खाली शिलाईचं दुकान, वर तिसऱ्या मजल्यावर घर. शिलाई मशीन अशी पळवायच्या की शेजारच्या न्हाव्याच्या आरशात गिऱ्हाईक थरथरताना दिसायचं.

पण एवढी जीभ असलेली बाई स्वतःच्या सुनेशी थेट एक अक्षर बोलायची नाही. भांडण नव्हतं हो! लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात दोघी एकमेकींना जरा बिचकल्या, आणि ते बिचकणं तसंच मुरत गेलं. अडलं मात्र काही नाही, कारण मध्ये मुलगा होता.

"तुझ्या बायकोला सांग, भाजीत मीठ जास्त झालंय."

"आईंना सांग, मीठ त्यांनीच टाकलंय."

तिघंही एकाच टेबलाशी, कोपराला कोपर लागलेलं. आणि मुलगा तोंडातला घास न गिळता दोन्ही निरोप पोचवायचा, तेही असे की तळमजल्यालासुद्धा मिठाचं कळायचं. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तो सकाळी शिंकला की समोरच्या इमारतीतल्यांना गजर लावावा लागायचा नाही.

तर असा हा भोंगा. एका दुपारी दुकानात कापडाचा तागा उचलता उचलता छातीवर हात ठेवून खाली बसला, आणि उठलाच नाही.

घर मुकं झालं. निरोप न्यायलाच कुणी उरलं नाही. काकू कुकरकडे तोंड करून म्हणायच्या, "जेवण झालंय." सून दाराच्या कडीला सांगायची, "आज यायला उशीर होईल." ती शहराच्या बसवर ड्रायव्हर होती. दिवसभर गावभर माणसं पोचवायची आणि घरी आली की खोलीचं दार लावून घ्यायची. काकू दाराच्या अलीकडे, सून पलीकडे, आणि दोघींचं रडणं मात्र एकाच वेळी चालायचं.

मग सुनेच्या आईचे फोन सुरू झाले. "तिथं आता तुझं काय राहिलंय? ये निघून."

"लांबची शर्यत आहे," सून म्हणाली. "ती झाली की ठरवते."

काकू तेव्हा पडद्याला टाचण्या लावत होत्या. हे ऐकलं आणि तोंडातली एक टाचणी त्यांनी गिळली. निदान पुढं त्या सगळ्यांना तसं सांगायच्या. टाचणीचं जाऊ द्या, धसका घेतला तो खरा. पोरगा गेला. आता ही गेली, तर सकाळी दाराची कडी तरी कोण काढणार?

सून पूर्वीपासून धावायची, पण भोंगा गेल्यापासून तर पहाट झाली रे झाली की बाहेर. काकूंच्या मनानं घेतलं, की शर्यतबिर्यत सगळं निमित्त आहे. ही रोज थोडीथोडी निघून चाललीय. एक दिवस पुरती जाईल आणि आपल्याला कळणारही नाही. "थांब" म्हणायची सोय नव्हती, कारण ते सांगायला मध्ये माणूस लागतो. तेव्हा काकूंनी स्लीपर अडकवल्या आणि निघाल्या तिच्या मागावर.

पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंतच गेल्या आणि विजेच्या खांबामागं लपल्या. खांब बारीक, काकू रुंद. दोन्हीकडून दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी पुलापर्यंत. नंतर नदीकाठानं, गोदामांच्या मागून, पार बस डेपोच्या भिंतीपर्यंत. जीव मेटाकुटीला यायचा, पण सून नजरेआड झाली की पाय आपोआप उचलले जायचे. गल्लीतली कुत्री आधी भुंकली, मग सोबत पळाली, मग जीभ बाहेर काढून बसली. काकू पळतच होत्या. वाटेत रडू आलं तरी चालायचं. घामात काय कळतंय?

एका सकाळी घात झाला. सून फारच पुढं गेली म्हणून काकूंनी मंडईच्या मागचा बोळ पकडला. बाहेर पडून बघतात तो रस्ता रिकामा! घाबरून त्या जीव खाऊन पळत सुटल्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई? तुम्ही इकडे कुठे?"

जिचा पाठलाग करायचा तीच मागं राहिली होती. काकूंनी सवयीनं बाजूला पाहिलं, उत्तर न्यायला कुणी आहे का म्हणून. बाजूला कुणी नव्हतं.

"पाव आणायला," त्या म्हणाल्या.

"पावाचं दुकान आपल्या जिन्याखाली आहे."

"तिथला शिळा असतो."

सुनेनं त्यांच्या स्लीपरकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे काकूंच्या दाराशी धावायचे नवे बूट ठेवलेले होते. आणि सून जिन्यात उभी, लेस बांधायला फारच वेळ लावत.

त्या दिवसापासून दोघी धावायला लागल्या. बोलणं नाहीच, पण आता त्याला कारण होतं, दम लागलेला असायचा. तेवढाच बरा बहाणा. काकूंनी स्वतःसाठी विजार शिवली, एका हॉटेलच्या उरलेल्या पडद्याच्या कापडाची. वर पपईएवढी लाल फुलं. ती घालून निघाल्या की कचऱ्याच्या गाडीवाले हॉर्न वाजवून सलामी द्यायचे.

शर्यतीत आता काकूंचंही नाव होतं. त्या सकाळी सुनेची आई गाडी घेऊन हजर झाली. डिकी रिकामी ठेवलेली. ती डिकी काकूंनी बघितली आणि छातीवर नंबर लावताना टाचणी थेट अंगात टोचून घेतली.

शिट्टी झाली. सून तरुण, ती पुढं निघून गेली. काकू मागून आपल्या गतीनं. अर्ध्या वाटेपर्यंत लोकांना नाव पाठ झालं. "पडदा आला! पडदा आला!" एक पहिलवानासारखा गडी पेटके येऊन आडवा पडला होता. काकूंनी त्याला असं काही झापलं, की तो उठून पळाला तो म्हणे अजून थांबलेला नाही.

नदीवरच्या पुलाचा मोठा चढ आला आणि काकूंना कठड्याशी सून दिसली. बसलेली. डोकं गुडघ्यात.

काकूंना आधी वाटलं, पाय मुरगळला. जवळ गेल्या तर खांदे हलत होते.

"इथं उभा असायचा तो," सून म्हणाली. "दर शर्यतीला. ह्या चढावर माझे पाय संपतात ना, तर तो इथून माझं नाव घेऊन ओरडायचा. बस, तेवढंच. आज कान लावून आले खालपासून. काहीच ऐकू येत नाही, आई."

काकूंना हे ठाऊकच नव्हतं. पोरगा रविवारी सकाळी कुठं जातो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. भोंग्याचा आवाज काही आभाळातून पडला नव्हता. बापाचा आवाज तर पाण्यात भिजलेल्या पावासारखा होता. मग आला कुठून?

काकूंनी श्वास घेतला, अगदी तळव्यापासून. आणि सुनेच्या नावानं अशी हाक घातली, की पुलाखालची कबुतरं उडाली, वाहतूक पोलिसाच्या तोंडातली शिट्टी पडली, आणि पलीकडच्या काठावर एका माणसानं खिडकी उघडून "ओ, काय झालं?" म्हणून विचारलं.

सून दचकून उभीच राहिली. डोळे वाहतायत आणि ओठावर हसू.

"ऐक," काकू म्हणाल्या. गळा बसला होता, तरी बोलल्या. "मला घरात बोलता येत नाही. म्हणून इथंच विचारते. राहशील का माझ्याजवळ? त्याची बायको म्हणून नको. मला तू हवीयस म्हणून."

"एवढं विचारायला इतकं लांब धावलात?"

"मग? जवळ असतं तर कधीच विचारलं असतं."

सुनेनं नाक पुसलं. "चला," ती म्हणाली. "राहते. पण आधी हा चढ संपवू."

चढ संपवला, उतार संपवला, रस्ता संपवला. शेवटच्या वळणावर दोघींच्या तोंडाचा पट्टा असा सुरू झाला होता, की इतक्या वर्षांचं साठलेलं भाजीतल्या मिठापासून निघालं. एकमेकींचं बोलणं तोडत, एकमेकींना ओढत त्यांनी रेषा ओलांडली. कुणी हात वर करायला सांगितलं नव्हतं. दोघींचे हात आपसूक वर गेले. काकूंनी आभाळाकडे बघून पोराला एक सणसणीत शिवी दिली, मायेची, आणि खदखदून हसल्या.

सुनेची आई टॉवेल घेऊन पुढं आली. "आई, डिकी लाव," सून म्हणाली. "मी इथंच राहतेय."

विहीणबाईंनी काकूंकडे पाहिलं. आता टोमणा येणार, अशा तयारीनं.

"तुम्हीपण राहा की चार दिवस," काकू म्हणाल्या. "आम्हाला जिना चढवायला कुणीतरी लागणारच."

आणि लागलंच. गुडघे वाकेनात. दोघी पायरीवर उलट्या बसून एकेक पायरी वर सरकत होत्या आणि विहीणबाई खालून पाय ढकलत होत्या. दुसऱ्या मजल्यावर शेजारणीनं दार उघडलं.

"अगंबाई! कितव्या आलात?"

"दुसरी," काकू म्हणाल्या.

"आणि पहिली?"

"ही काय, ही!"

"आई," सून हसून हसून बेजार होत म्हणाली, "आपल्या मागं फक्त रस्ता झाडायची गाडी होती."

"मग," काकू पुढच्या पायरीवर चढून बसत म्हणाल्या, "तिला हरवलं की नाही?"