तळ्याखालचा पाहुणा

नळदुरुस्तीवाल्या काकांना सगळे 'जिराफ' म्हणायचे. सव्वासहा फूट उंची. ओट्याखालच्या पाइपाशी झटापट चालली की अर्धा माणूस कपाटात आणि उरलेला अर्धा स्वयंपाकघरभर पसरलेला. या उंचीनेच त्यांना चाळीस वर्षांपूर्वी सिनेमात नेलं. एका निर्मात्याच्या घरी गळकी टाकी बघायला गेले आणि राक्षसाचं काम घेऊन परतले. सतरा दिवस रबराचं हिरवं कातडं अंगावर चढवून ते तळ्यातून बाहेर येत राहिले. सिनेमाचं नाव 'तळ्याखालचा पाहुणा'. लोकांनी घाबरावं म्हणून काढलेला, आणि हसावं म्हणूनही. धड ना हे, धड ना ते. चार दिवसांत थिएटरातून उतरला.

त्यांच्या बायकोने तो पाहिलाच नाही. नात्यातल्या बायका "काय हो राक्षसीणबाई" म्हणून चिडवायच्या, तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सिनेमाच्या शेवटच्या दिवशी जिराफ एकटेच जाऊन आले. "तू असतीस तर हसली असतीस," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. ते वारल्याला आता नऊ वर्षं झाली होती. आपण तेव्हा गेलो असतो तर काय बिघडलं असतं, हे तिला अधूनमधून टोचत राहायचं.

लेक दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिला काम देणारा एक डेंटिस्ट जुन्या टाकाऊ सिनेमांचा वेडा. त्याने चार मित्रांना घेऊन एका गोदामातून या सिनेमाची रिळं शोधली आणि वर्षभर खपून ती साफ करून संगणकावर उतरवली. लेकीच्या कानावर नाव पडलं, तशी ती पेन ड्राइव्ह घेऊनच घरी आली. रविवारी दुपारी तिने पडदे ओढले.

"मला नाही बघायचं," आई म्हणाली, आणि चष्मा पुसून समोरच बसली.

तळं म्हणजे कुणाच्या तरी बागेतला हौद होता. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात माइक डोकावत होता. राक्षस पाण्यातून उठला, घसरला, पुन्हा उठला. दिग्दर्शकाने तेही तसंच ठेवलं होतं.

"आई, सुळे बघ! प्लास्टरचे आहेत. खालचा तर उलटा बसवलाय."

पण आई सुळे बघतच नव्हती. "चाल बघ गं," ती हळूच म्हणाली. "डावा पाय जरा बाहेर टाकतात. हेच ते."

मग राक्षस हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरला. आचारी टेबलाखाली दडला. नायिकेने किंकाळी फोडली. राक्षसाने दोन्ही पंजे उगारले, आणि मध्येच थबकला. सिंकचा नळ ठिबकत होता. त्याने मान वाकडी करून नळाकडे पाहिलं, रबरी पंजाने तो करकचून पिळला, खाली बोट धरून थेंब पडत नाही ना याची खात्री केली, ओटा तळव्याने पुसला, आणि मग पुन्हा पंजे उगारून नायिकेवर धावला.

आईच्या तोंडून आधी नुसता 'हूं' निघाला. मग ती हसायला लागली, ती पोट धरून. हसता हसता डोळे वाहू लागले. पदराने पुसावेत तर आणखी हसू.

"अगं, लग्नाघरी गेले तरी हेच! लोक जेवताहेत आणि हे मोरीत! मागे घे. परत लाव."

लेकीने तीनदा लावला. चौथ्यांदा आईनेच रिमोट घेतला.

"त्या डॉक्टरांना फोन लाव," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. त्यांचे आभार मानायला मुहूर्त कशाला हवा?"

डेंटिस्ट फोनवर आला. ती कोण हे त्याला कळलं. मग म्हणाला, "काकू, तो नळाचा विनोद आम्हाला सगळ्यात आवडतो. कोणी लिहिला असेल, यावर आमची भांडणं होतात."

"कोणीच लिहिला नाही हो. ह्यांची सवयच ती. गळका नळ दिसला की हात आपोआप जायचा." तिने रिमोट खाली ठेवला. "मी तेव्हा पाहिला नव्हता. तुम्ही सांभाळलात म्हणून आज पाहिला. फार मोठं काम केलंत तुम्ही."

"काकू, नावांच्या पाट्यांमध्ये राक्षसाचं काम करणाऱ्याचं नावच नाही. सांगाल का? आम्ही घालू."

तिने नाव सांगितलं. मग त्यांच्या वडिलांचं नाव आणि आडनावही, एकेक अक्षर सुटं करून, आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं.

फोन ठेवल्यावर लेकीने सिनेमा पुढे चालू केला. अजून अर्धा तास बाकी होता. नायिका जिवाच्या आकांताने माळ्यावर पळत होती आणि राक्षस डावा पाय बाहेर टाकत मागून येत होता.

"ही कशाला पळतेय?" आई म्हणाली. "असा माणूस शोधून सापडायचा नाही तिला."